भिंगाखालचा सोयरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझं डोकं फिरतं, आणि घरात हा विषय निघाला की मला अजूनही चहा सोडून उठावं लागतं.

माझ्या डोळ्यांचे पडदे खराब झालेले. समोर आलेला माणूस म्हणजे नुसता पांढरा शर्ट, वरचं तोंड कुणाचं ते आवाजावरून ठरवायचं. पण कबूल कोण करणार? घरात थोरला मी, सगळ्यांचा नाना. पुतणी संगीताचं धुळ्याला जमत आलं तेव्हा मुलाचं घर पाहायला पुढे मीच. परत आल्यावर धाकट्या भावाने विचारलं, "नाना, मुलगा कसा वाटला?"

"विचार करून सांगतो," म्हटलं. काय सांगणार, कपाळ? तिथे मला नीट दिसली ती फक्त वरणबट्टी, कारण ती ताटात होती.

संगीताने ओळखलं. ती पिंप्राळ्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिथल्या एका कॉम्प्युटरमध्ये म्हणे भिंग होतं. माऊस न्याल तिथला तुकडा पडद्याच्या वरच्या पट्टीत मोठा होऊन दिसे. धुळ्यात काढलेला फोटो तिने स्टुडिओतून फ्लॉपीवर आणला. "नाना, आता नीट बघा आणि काय ते सांगा." आवाजावरूनच कळलं, पोरीचा जीव जडलाय. सगळं अडलं होतं माझ्या एका शब्दावर.

नेमके त्याच दुपारी मुलाचे वडील, दगाआबा, उत्तर न्यायला आले. तेही भावाबरोबर क्लासमध्ये येऊन माझ्यामागे बसले.

चपला बाहेर काढून मी खुर्चीत बसलो. तो माऊस सरळ चालेल तर शपथ. मुलाच्या कानावरून निघालो तो थेट छताच्या पंख्यावर.

"नाना, हळू."

"नाना, खाली घ्या."

"नाना, माऊस उचलू नका."

अहो, उचलू नको तर काय करू? टेबल संपलं होतं!

शेवटी मुलगा सापडला. नाक, मिशी, हसरे डोळे. झकास. पण सोयरीक काय एकट्या मुलाशी होते? शेजारी कोण बसलाय तेही बघायला नको? भिंग सरकवलं. आधी कपाळावरच्या आठ्या आल्या. मग आवळलेले ओठ. मग ताटाकडे रोखलेलं एक बोट.

फोटोच्या नादात मागे कोण बसलंय हेच मी विसरलो. "हा कोण त्यांच्यातला? हा लग्नात रुसून बसणार. आहेर उलटापालटा करून बघणार. मांडवात भांडण काढणार."

"नाना, पुरे," भाऊ म्हणाला.

"पुरे कसं? असल्या माणसाच्या घरात पोर द्यायची? माझा नकार समज."

संगीता रडायलाच लागली. रडता रडता म्हणाली, "नाना, ते तुम्ही आहात."

फोटो कधी काढला ते मला कळलंच नव्हतं. मी बट्टी कुस्करत होतो. आणि स्वतःचं तोंड तरी कित्येक वर्षांत कुठे पाहिलं होतं? दाढीसुद्धा चाचपून करायचो. लाजेने कान तापले. पोरीचं जमत आलेलं लग्न मी माझ्याच तोंडापायी मोडलं होतं.

मागून दगाआबा खाकरले.

"जाऊ द्या, नाना. आमनं घोडं बी त्याच मानूसवर अडनं व्हतं. आख्खं घर म्हने, सोयरीक नको. पन पोर चांगली शे. मंग म्हन्नं, त्या मानूसले सांभाळी लिसूत."