फोटोतला म्हसोबा

माझ्या धाकट्या भावाला फोटो चांगले काढता येतात. फोटोत काय काय आलंय ते मात्र त्याला दिसत नाही. हे मी रागानं लिहीत नाही. मलाही ते दिसलं नव्हतं, आणि मी तर तेहेतीस वर्षं पोरांना 'नीट बघा, मग लिहा' असं बजावत इतिहास शिकवला.

धम्मानंद त्रेसष्ट वर्षांचा. आखाडा बाळापूरला त्याच्या भिंतीला भिंत लागून माझं घर आहे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो ड्रेसर होता. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. तो दर वेळी 'डॉक्टर न्हाई, ड्रेसर' अशी दुरुस्ती करतो आणि कुणी ऐकत नाही. तो निवृत्त झाला तेव्हा लेक साक्षी पुण्याहून कॅमेरा घेऊन आली. बापानं घरात बसून बीपी वाढवून घेऊ नये, एवढाच तिचा हेतू. पद्मा, म्हणजे आमची भावजय, तेव्हापासून म्हणते की लेकीनं सवत आणून दिली.

उजाडता उजाडता तो मोटारसायकल काढतो आणि मागे मी बसते. माझं वय एकाहत्तर. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण घरात बसून गुडघे मोजण्यापेक्षा माळावरचा वारा बरा. कधी औंढ्याच्या डोंगरात जातो, कधी नदीकाठी. कॅमेरा उचलायच्या आधी हा माणूस पहिलं शील पुटपुटतो, पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहत्या करणार नाही. एकदा मी वैतागून विचारलं, तू कुणाला मारायला निघालास का? तो म्हणाला, "आक्का, आपण आलो म्हणून टिटवी उठली. तेवढा वेळ अंडी उन्हात पडली. ते कुणाच्या माथी?" मी छत्री उघडली आणि पेपर वाचत बसले.

त्याचा एक नेम आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तो नवा फोटो मोठा करून बुद्धमूर्तीच्या खालच्या पायरीवर ठेवतो आणि दोन मिनिटं त्याबद्दल बोलतो. कधी खंड्या, कधी घोरपड. बायका-पोरं थांबतात. काही जण तर फोटोसाठीच येतात, हे मी खात्रीनं सांगते, कारण वंदनेच्या वेळी ते बाहेर उभे असतात.

यंदा माघ पौर्णिमेला त्यानं लांडगी ठेवली.

दीड महिना तो तिच्या मागावर होता. नाल्याच्या पलीकडे मुरमाचा उंचवटा, त्यात बीळ, बिळाच्या तोंडाशी ती आडवी पडलेली आणि अंगावर चार पिलं लोळतायत. डाव्या कोपऱ्यात बोरीचं झुडूप, त्याखाली लालभडक ठिपका. रंग काय जमलाय, असं मीच म्हटलं होतं. जागा कुठली ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. विचारणाऱ्यांना 'माळावर' एवढंच उत्तर. मला वाटलं, शहाणा झाला.

विहारात कुणीतरी त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजार होता, तिथं तो हातोहाती फिरला. तिसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव दारात उभा.

उकंडरावाचं गाव इथून दहा-बारा किलोमीटर. हळदीचं शेत आणि शेळ्यांचा कळप. धम्मानंदानं नोकरीत असताना त्याच्या शेळ्यांच्या जखमा बांधल्या होत्या, त्यातल्या काही लांडग्यानंच केलेल्या. उकंडराव आमचा 'जय भीम' म्हणाला, धम्मानंद त्याचा 'रामराम' म्हणाला. पद्मानं चहा टाकला. उकंडरावानं मोबाइल काढला, त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि अगदी मनापासून आभार मानले.

"ह्यो आमचा म्हसोबा हाय, डॉक्टर. दोन महिने झाले ती बया शोधून राहिलो होतो. नऊ शेळ्या खाल्ल्या. तुमी बराबर पत्ता दिला."

धम्मानंदाचा चेहरा पांढरा पडला. मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्या घरात शेंदराच्या दगडापुढे कुणी हात जोडलेले नाहीत. आमच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच ते संपलं. आम्हाला तो दगड म्हणजे लाल रंग. पण गावातल्या माणसाला असा प्रत्येक दगड नावानिशी ठाऊक असतो, कुणाच्या बांधावर, कुठल्या झाडाखाली. आम्ही लांडगीच्या दारावरची पाटीच फोटोत घेऊन विहारात मांडली होती.

इथं मी चूक केली. मी उकंडरावाला कायदा ऐकवला. लांडगा मारला तर तुरुंगात जाल, वगैरे. त्याचा आवाज लगेच बदलला. "बाई, माझ्या नऊ शेळ्या गेल्या तवा ह्यो कायदा कुठं होता?" चहा अर्धा टाकून तो उठला. जाताना एवढंच सांगितलं की आजची हळद शिजली की उद्या बिळात मिरच्यांचा धूर देणार.

धम्मानंद पायरीवर बसून राहिला. वनरक्षकाला फोन केला तर तो दोन दिवसांनी येऊ शकत होता. आणि जीप आली असती तर मागून अख्खं गाव आलं असतं. मी म्हटलं, चल, ऊठ, आत्ताच्या आत्ता त्याच्या शेतात जाऊ. पद्मा म्हणाली, आक्का, तुमी तोंड बंद ठेवणार असाल तरच जा. मी कबूल केलं.

शेतात कढई पेटलेली. हळदीच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते. उकंडराव आणि त्याची बायको आशाबाई, दोघंही कामात. धम्मानंदानं समजावून सांगितलं की पिलं आता दीड महिन्याची झाली, या वयात आई त्यांना उचलून दुसरीकडे नेते, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. तोवर शेळ्या रानात न सोडता वाड्यात बांध, मी चारा आणून देतो. उकंडराव ऐकत होता, ढवळत होता. मग म्हणाला, "ठीक हाय. चला म्हसोबाला. हात लावून सांगा, आठ दिवसांत ती जाईल म्हणून. मी थांबतो."

मला हायसं वाटलं. एवढंच ना? दगडाला हात लावायचा, चार पिलं वाचतात. मी डोळ्यांनी खुणावलं. धम्मानंदानं मान फिरवली. मी चिमटा काढला. त्यानं हात सोडवून घेतला.

शेवटी तो म्हणाला, "उकंडराव, मी त्याला मानत न्हाई. मग मी हात लावला काय न् न्हाई लावला काय? ती शपथ माझ्यावर बसत न्हाई. फसशील तू."

माझ्या तोंडात काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. सत्य बोलायला हीच वेळ सापडली याला. वाटलं, संपलं, उद्या मिरच्या पेटणार आणि हा आयुष्यभर झोपणार नाही.

उकंडराव झारा टेकवून उभा राहिला. आशाबाई कढईकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "लबाडी करायची असती तर कवाच हात लावला असता की त्यांनी." आणि पुन्हा कामाला लागली.

कढई उतरवल्यावर उकंडरावानं आठ दिवस दिले. अट एकच घातली: धम्मानंदानं तिकडे पाऊल टाकायचं नाही. त्याच्या मोटारसायकलीमागे सगळा बाजार येईल, हे उकंडरावाचं म्हणणं खरं होतं.

ते आठ दिवस मला पुन्हा नकोत. धम्मानंद चाऱ्याचे भारे दुसऱ्याच्या टेम्पोत घालून पाठवायचा आणि पायरीवर येऊन बसायचा. दूर कुठं धूर दिसला की उठायचा. आणि हळदीच्या दिवसांत सगळीकडे धूरच असतो. पद्मा बीपीची गोळी हातात ठेवायची, तो ती धरूनच बसायचा. एकदा मला म्हणाला, मी बंदूक घेऊन गेलो असतो तर एक मेली असती, कॅमेरा घेऊन गेलो आणि पाच जणांचा जीव टांगणीला लावला. मी त्याला गप्प बस म्हटलं. मीही रात्री कूस बदलत होते, हे त्याला कशाला सांगू?

आठव्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला आणि मोबाइल पायरीवर ठेवला.

"बीळ मोकळं हाय, डॉक्टर," उकंडराव म्हणाला. "सकाळी बघून आलो. नाल्यात पावलं हायेत, मोठी एक आन् बारकी लई. वर डोंगराकडं गेली. आमी काय केलं न्हाई. म्हसोबाची आन."

धम्मानंद 'बरं' म्हणाला, शेळ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मी लगेच चप्पल घातली. म्हटलं, चल, बघून येऊ. बिळाच्या तोंडाशी राख आहे की नाही ते दिसेलच. कुणी मारून पुरलं असेल आणि इथं आपल्याला गोड बोलत असेल तर? तो हलला नाही.

"त्यानं शपथ घेतली ना, आक्का."

"तू कुठं मानतोस म्हसोबाला?"

"मी न्हाई मानत," तो म्हणाला. "तो मानतो ना."

आणि त्यानं आठ दिवसांत पहिल्यांदा गोळी पाण्याबरोबर गिळली.

मी चप्पल काढली, पण खरं सांगते, माझी खात्री आजही झालेली नाही. पुढच्या पौर्णिमेला त्यानं विहारात साध्या चिमणीचा फोटो ठेवला. ठेवायच्या आधी माझ्याकडे आणला. आम्ही दोघं चष्मे लावून कोपरान् कोपरा बघत होतो. चिमणी राहिली बाजूला. मागच्या भिंतीवर काही लाल दिसतंय का, ते शोधत होतो.