उदाहरण सर

इंग्रजीच्या तासाला नुसता अर्थ सांगून आमची सुटका नसे. "अर्थ गाईडमध्येही असतो. उदाहरण दे," असं सर म्हणत आणि ते दिल्याशिवाय खाली बसू देत नसत. म्हणून अख्ख्या शाळेत ते उदाहरण सर.

बोंबलाचा हंगाम लागला की आम्ही कोळीवाड्यातल्या मुली शाळेतून गळायचो. मग सर सायकलला फळा बांधून मासळी सुकवायच्या खळ्यावर यायचे, वर्गासारख्याच बाहेर चपला काढायचे आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीला फळा टांगायचे. आई वैतागायची. "मास्तर, पोरीला येळ न्हाय, बोंबील परतायचं हाय."

"परतू दे की, वहिनी. कान कुठे लागतात बोंबील परतायला?"

एकदा त्यांनी 'एक्सेंट्रिक' हा शब्द दिला. मी म्हटलं, विक्षिप्त.

"उदाहरण?"

मी बोंबील परतत राहिले. शेजारची काकू म्हणाली, "ह्यो काय समोर उभा हाय, मासळीत अनवाणी!"

सगळ्यांत मोठ्याने सरच हसले. मग मला म्हणाले, "वेड्याला हा शब्द लावायचा नाही. कुणाचं न बिघडवता जो स्वतःच्या रीतीने वागतो, त्याला लाव. आणि लावशील तेव्हा त्याने काय केलं, तेही सांग."

त्या खळ्यावरून मी दहावी झाले, म्हसळ्याला राहून बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. सरांनीच शब्द टाकून मला शाळेत क्लार्कची कंत्राटी जागा मिळवून दिली.

पुढे बड्या पालकांची कुरकुर सुरू झाली. सर तपासून देतात त्या वह्यांना सुकटीचा वास येतो म्हणे. संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. "सरांना कमी करायचंय. पत्र इंग्रजीत नीट करून दे. तुझी जागाही आता पक्की करायची आहे ना?"

कच्च्या पत्रात 'मेंटल' लिहिलं होतं. मी ते खोडून 'एक्सेंट्रिक' घातलं आणि सरांना सांभाळून घेतलं, अशी स्वतःची समजूत काढली. सरांना कमी केलं, ते केलंच.

पत्राची प्रत त्यांना माझ्याच टेबलावर द्यावी लागली. तो शब्द या शाळेत आणखी कुणाला येतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'उदाहरण?'

मी उभी राहिले. ते वर्गात थांबायचे तसे थांबले. मग पोच म्हणून सही केली आणि 'बस' न म्हणताच निघून गेले.