फवारलेला तरोटा आणि गप्प बसलेली गॅलरी

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

आमच्या कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात तरोटा उगवतो. त्याचा कोवळा पाला मी दरवर्षी भाजीसाठी खुडते आणि शेजारीही देते. आज येताना मंगलाताईंना दोन मुठी दिल्या. त्यांच्या गरोदर सुनेला ही भाजी खावीशी वाटत होती.

घराच्या फाटकाशी पोचले, तेव्हा समोरचे वानखडे, ज्यांना गॅलरीतून तो प्लॉट सरळ दिसतो, तिथूनच म्हणाले, "मॅडम, तिथं काल मी तणनाशक मारून घेतलं. खायले तर नाही नेऊन राहिल्या?"

"मग इतका वेळ तिथे बसून काय पाहत होतात?"

"मले वाटलं, गाईसाठी तोडून राहिल्या."

म्हणजे गाईने खाल्लं असतं तर चाललं असतं.

मी तशीच मागे मंगलाताईंकडे पळाले. कढईत कांदा परतून झाला होता. "अवं ताई, आता टाकूनच राहिली होती," मंगलाताई म्हणाल्या. मी पाल्याची चाळणी हातातून ओढून घेतली. सुनेने पुढे होऊन गॅस बंद केला.

हेच वानखडे रोज पहाटे कॉलनीच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवतात. काल एक ओळ लिहायला बोटं दुखली असावीत.

माझ्या माहेरी, अकोटकडे, फवारणी झाली की बांधावर लाल चिंधी बांधायचे, गुरं आत शिरू नयेत म्हणून. दुपारी मी जुनी लाल साडी फाडून प्लॉटच्या खांबाला चिंधी बांधली. लगेच ग्रुपवर वानखड्यांचा मेसेज आला: कॉलनीची शोभा जाते, कृपया काढावी.

म्हणजे लिहिता येतं त्यांना. चिंधी मी काढणार नाही. तुमच्याकडे फवारल्यावर कोणी सांगतं का हो?