निशाने कॉम्प्युटरला विचारायची रीत बदलली

"निशा, ट्रकवाला सकाळपासून गेटवर बसलाय आणि तू अजून कंटेनरच शोधतेस? उद्यापासून घरी बस!"

"साहेब, एक दिवस द्या."

जासईच्या कंटेनर यार्डात नातीचा डबा पोचवायला गेलेल्या सोनाबाईने २००९ सालचं हे भांडण दाराआडून ऐकलं.

घरी जाताना निशा रडवेली होऊन म्हणाली, "आजी, आपल्या यार्डातला कॉम्प्युटर कंटेनरची नोंद नंबराने ठेवतो, कंपनीच्या द्रोणागिरीच्या यार्डातला जहाजाच्या नावाने. मी दोघांनाही नंबरच विचारते. द्रोणागिरीचा मग सगळ्या नोंदी चाळत बसतो."

"मंग त्याला आदी जहाज इचार, पोरी," जन्मभर मासळी विकलेली सोनाबाई म्हणाली. "मला जिताडा पायजे तर कोणाच्या होडीला लागला ते मी बंदरावर इचारते. सगल्या टोपल्या उपसत नाय."

दुसऱ्या दिवशी निशाने मागणी तीच ठेवली, पण दोन्ही कॉम्प्युटरांसाठी वेगवेगळी लिहिली: जासईच्याला थेट नंबर, द्रोणागिरीच्याला आधी जहाज आणि मग नंबर. दोन तास लागणारं उत्तर दहा सेकंदांत आलं. ते ट्रक ड्रायव्हरला सांगायला ती स्वतःच गेटवर धावली आणि पुढे तशी सवयच पडली.

"कॉम्प्युटर आमीच सुदारला," सोनाबाई बाजारभर सांगत सुटली.

सहा वर्षांनी निशाला पनवेलच्या मोठ्या ऑफिसात वरची जागा मिळाली. जासईतल्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः पेढे वाटत होते. तेवढ्यात एक ट्रक आला. निशाने पेढा तोंडात टाकला, कंटेनर शोधला आणि ड्रायव्हरला सांगायला नेहमीसारखीच गेटवर गेली.