बर्फाला टेकलेल्या नळ्या

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लातूरच्या कॉलेजात मुलं मला डॉक्टरसाहेब म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो — का, ते ऐका.

नांदेडला शिवकांता आणि मी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. ती उदगीरची, मला दादा म्हणायची. बापानं तिचं लग्न थांबवलं होतं, ते याच कामासाठी. करडईच्या बियांतलं एक प्रथिन तिनं महिनोन्‌महिने खपून शुद्ध केलं. ते परराज्यातल्या मोठ्या यंत्रावर न्यायचं, त्यातून क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात यावरून त्याचा आकार काढायचा. तिथले दोन दिवस मिळायला वर्ष गेलं होतं. अट एकच — द्रावणात गुठळी नको.

मे महिना. नांदेडचा उन्हाळा! खाणं-पिणं ठेवू नये अशी पाटी लावली होती, तरी सगळे प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. मीही ठेवली. जागा व्हावी म्हणून तिच्या नळ्या मागे सारल्या, पार बर्फाला टेकवून. सकाळी बघतो तर — नळ्या गोठलेल्या. मुठीत धरून वितळवल्या. दिसायला नितळ. तपासणीच्या यंत्रात घातलं, तर नुसत्या गुठळ्या.

तपासणी माझ्याकडे होती. मी काय केलं? मागच्या आठवड्याचा चांगला आलेख काढला, तारीख बदलली, सही ठोकली.

बर्फाचा डबा बांधताना तिनं विचारलं, "बघितलं ना दादा?" म्हणालो, "बघितलं की. बिनघोर जा."

ती गेली. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला — पोरीनं वाटोळं केलं, तिथं नुसत्या गुठळ्या निघाल्या. तपासणी चांगली होती, म्हणजे वाटेत तिनंच माती खाल्ली. मी "हो सर" म्हणालो. भित्रा, दुसरं काय?

ती परतली, आठ दिवस गेले. मग माझ्यासमोर येऊन बसली. घरून निरोप होता — पाहुणे बघायला येऊन राहिले, जमत नसेल तर ये.

"खरं सांगा दादा, माझ्याच हातात खोट हाय का? तुम्ही न्हाई म्हणलात, तर मी बापूशी भांडते. थांबते इथं."

एक शब्द मागत होती — एकच.

मी म्हणालो, "हाव, शिवकांता. तुझा हात जरा जडच हाय."

"बरं झालं, तुम्ही तरी खरं सांगितलं," ती म्हणाली, आणि सामान बांधायला गेली.