शफलबॉटम म्हणा

ग्रॅहमचा मला अजूनही राग येतो. बापाला निरोप द्यायच्या दिवशी लेकानं असला शहाणपणा करावा?

त्याचा बाप विल्फ शफलबॉटम, माझा शेजारी. लँकेशरमधल्या आमच्या गावात बस चालवायचा. ‘शफल’ म्हणजे पाय ओढत चालणं, ‘बॉटम’ म्हणजे ढुंगण. पुढचं सांगायला नको. कोणी हसलं नाही असा त्याचा एक दिवस गेला नसेल. लग्न ठरलं तेव्हा हिल्डाची आई रडली होती म्हणे. हिल्डा स्वतःही दुकानात नाव सांगताना आवाज खाली आणायची. मला तेव्हा तिचाही राग यायचा.

विल्फच्या डोक्यात मात्र भुंगा होता. असलं नाव पूर्वजांना दिलं तरी कोणी? बस चालवणं सुटलं आणि तो त्याच्या मागेच लागला. जुन्या काळी माणूस जिथून यायचा त्या जागेचं नावच त्याला चिकटायचं, हे त्याला ठाऊक होतं. अडलं होतं ते जागेपाशी. शेवटी बरी गावापलीकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळानं बोलता बोलता तिथल्या एका खोऱ्याला ‘शिपरबॉटम’ म्हटलं आणि विल्फ ताडकन उठला. ‘बॉटम’ म्हणजे खोऱ्याचा तळ, आमचे शेतकरी आजही तसंच म्हणतात. आणि ‘शिपर’ म्हणजे मूळचं ‘शीप-वेल’, मेंढ्यांचा झरा. शेकडो वर्षं जिभांवर झिजून त्याचं ‘शफल’ झालं होतं.

पुढच्याच रविवारी त्यानं हिल्डाला आणि मला गाडीत घालून तिथं नेलं. बघायला काय, तर चिखल, अंगाला खाज आणणारी झुडपं आणि मधून वाहणारं पाणी.

“हे घे बाई, तुझं सासर,” विल्फ म्हणाला.

हिल्डा बूट काढून पाण्यात उतरली. “किती गार आहे रे.”

“मेंढ्यांना विचार.”

त्यानंतर ती दुकानात नाव खणखणीत सांगायला लागली.

आणि ग्रॅहम? तो तिकडे चेशरला श्रीमंतांना घरं विकतो. तिथं तो ‘शफल-बो-टॅम’. शेवट असा लांबवायचा, जणू आजोबा फ्रान्सहून जहाजानं आले होते. विल्फ फोनवर विचारायचा, “बो-टॅम साहेब आहेत का?” आणि फोन ठेवला की चहा तसाच टाकून परसात निघून जायचा. ते मी पाहिलंय.

विल्फ गेला. अंत्यविधीला चर्चमधला पाद्री नवीन होता, ग्रॅहमनं त्याला आधीच पढवून ठेवलं होतं. “आपले बंधू विल्फ्रेड शफल-बो-टॅम...” त्यानं सुरुवात केली.

हिल्डा उभी राहिली. “हे कोण?”

“आई, खाली बस,” ग्रॅहम दात आवळून म्हणाला.

“पेटीत माझा नवरा आहे. हे बो-टॅम कोण, मला माहीत नाही. शफलबॉटम म्हणा.”

“अगं, लोक हसतील.”

“लोक जन्मभर हसले. त्यानं त्याला काही झालं नाही. तुला लाज वाटायची, ते लागलं त्याला.”

ग्रॅहमनं मान खाली घातली. बरं झालं. पाद्री लालबुंद झाला, पण म्हणाला, नीट म्हणाला, “विल्फ्रेड शफलबॉटम.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. बस डेपोतलंच कोणीतरी असणार.

हिल्डानं वळूनही पाहिलं नाही. “हं. आता विल्फ गेला,” ती म्हणाली, खाली बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.