सरकीच्या गोदामाची भिंत

पेंटर लोकांचा हात कामात असतो आणि तोंड रिकामं असतं. त्यामुळे किस्से साठत जातात. आमच्याकडे पाटी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी दोन किस्से ऐकावे लागत, मग अक्षराचं बोलणं. नगरच्या बाजारात सरकीच्या जुन्या गोदामासमोर आम्हा पेंटरांची पत्र्याची शेडं होती. गोदामाच्या लांबलचक भिंतीवर लोक पानाच्या पिचकाऱ्या मारायचे. मालक वैतागून म्हणाले, "त्यापेक्षा तुम्ही काहीतरी काढा." ज्याला सवड मिळेल त्याने उरलेल्या रंगात आपला तुकडा रंगवायचा, अशी ती भिंत भरत गेली.

*

रहिमानचाचा सिनेमाची बॅनरं करायचा. त्याने भिंतीवर एक हिरॉईन काढली. टपोरे डोळे, हातात गुलाब. एका मंगळवारी बघतो तर तिच्या कपाळाला हळदकुंकू आणि खाली फुलं. पुढच्या मंगळवारी नारळ. भाजीवाल्या बायका जाता-येता हात जोडायला लागल्या.

एकीने विचारलं, "चाचा, कुठली वो ही देवी?"

चाचाला खोटं बोलता यायचं नाही. म्हणाला, "शुक्रवारी लागली होती, बाई. चांगली चालली."

बाईने शुक्रवारची देवी म्हणून पुन्हा हात जोडले. दुसऱ्या दिवशी चाचाने गुलाब पुसून कमळ काढलं. आम्ही हसलो तर म्हणाला, "पब्लिकची मर्जी. तिच्यापुढं प्रोड्यूसरचं पण चालत नाही."

*

मग तिथे दोन मजली मार्केट बांधायचं ठरलं. रस्ता रुंद होणार, गोदाम जाणार, आमची शेडंही जाणार. त्यात चुकीचं काही नव्हतं. बाजाराच्या दिवशी एक बैलगाडी आडवी लागली की सगळं ठप्प व्हायचं, ते आम्हालाही दिसत होतं. पण भिंत जाणार म्हटल्यावर कुणाला धड जेवण जाईना.

कामावर देखरेख करायला नगरपालिकेचा एक ओव्हरसियर आला. माणूस सज्जन, नवीन बूट, सारखा घाम पुसणारा. त्याच्या गड्याने भिंतीच्या टोकाला गेरूने लिहिलं, "पाडणे". 'पा' आभाळात आणि 'णे' गटारात. मी अक्षरांचा पेंटर. काही दिवस सोसलं, मग राहवेना. गेरू पुसून लाल ऑईलपेंटमध्ये ठसठशीत "पाडणे" लिहिलं, अक्षरांमागे पिवळी शेड दिली, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढली.

आठवड्याभरात श्रीगोंद्याचा एक गूळवाला शेडमध्ये आला. "हे पाडणे कोण? दुकान कधी उघडतंय त्यांचं?"

शेजारी दगडू पेंटर काम करत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "लई मोठी पार्टी हाय. आख्खी लाईन घेतलीया त्यांनी."

*

दगडू शेवगावकडचा. भिंतीवरची बैलजोडी त्याची. चाचा म्हणायचा, दगडूचे बैल म्हशीसारखे दिसतात. दगडू म्हणायचा, चाचाच्या बाया तिरळ्या असतात. हे रोजचं होतं.

आम्ही डेप्युटेशन घेऊन नगराध्यक्षांकडे गेलो. मी बोलायचं ठरलं होतं, पण आत गेल्यावर मी नुसता पाटीच्या अक्षरांबद्दलच बोलत राहिलो. अध्यक्षांनीच समजून घेतलं. म्हणाले, "मार्केटच्या मागच्या अंगाला तुम्हाला गाळे देऊ. वेगवेगळे पांगू नका, एकत्रच राहा. भिंत मात्र सगळी नाही ठेवता यायची. जिन्याखाली एक तुकडा बसेल. कुठला ठेवायचा, सांगा."

मग चाचा हळूच म्हणाला, "बैल ठेवा साहेब."

दगडूने त्याच्याकडे बघितलं. "न्हाई. चाचाची बाई ठिवा. लोक पाया पडत्यात."

"बैल."

"बाई."

अध्यक्षांनी चहा मागवला. चहा संपला तरी दोघे हटेनात. शेवटी ते म्हणाले, "ओव्हरसियरच ठरवतील."

आम्ही बाहेर आलो. कोपऱ्यावर चाचा थांबला आणि दगडूला म्हणाला, "पण दिसतात म्हशीसारखेच."

*

शेवटी राहिला तो माझा तुकडा. मला चित्र जमायचं नाही. म्हणून मी नुसतं पाणी काढलं होतं. निळं, हिरवं, मध्ये पांढऱ्या रेघा. काठ नाही, होडी नाही, मासा नाही. दगडूने विचारलं होतं, "बाकीचं कधी काढनार?" मी म्हटलं होतं, "एवढंच आहे."

ते बहात्तरचं साल होतं. पाऊस नव्हता. पाडकामावर जामखेडकडच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यात सोजरबाई म्हणून एक उंच, वयस्क बाई होती. दुपारी बाकीचे मजूर लिंबाखाली जेवायला बसत. या बायका मात्र सावली सोडून माझ्या तुकड्यासमोर रांगेने बसत, पाय भिंतीकडे लांब करून.

मी एकदा म्हटलं, "मावशी, तिकडं सावली आहे की."

सोजरबाई म्हणाली, "आमच्या गावच्या हिरीला तळ दिसतुया. हितं गार वाटतंय."

पाडत पाडत माणसं त्या तुकड्यापर्यंत आली. सोजरबाई ओव्हरसियरला म्हणाली, "सायेब, जेवन हुस्तवर ऱ्हाऊ द्या." त्याने राहू दिलं आणि माणसांना पलीकडे लावलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली, त्याने पुन्हा तेच केलं. बैल गेले, हिरॉईन गेली. त्या दिवशी चाचा आणि दगडू एका बाकावर बसून होते. पुढे नव्या गाळ्यांच्या भिंतीवर दोघांनी पुन्हा सगळं काढलं, पण चाचाने बैल काढले आणि दगडूने बाई. पाणी तेवढं जागेवर राहिलं. आज जिना त्याला वळसा घालून वर जातो.

पाडकाम संपत आलं तेव्हा एका दुपारी मी सहज तिकडे गेलो. बायका रांगेने बसल्या होत्या, भाकरी खात होत्या. रांगेच्या टोकाला ओव्हरसियर बसला होता. बूट-मोजे बाजूला काढून ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय भिंतीकडे लांब केलेले. त्याच्याही हातावर अर्धी भाकरी होती.

सोजरबाईने घास गिळला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "सायेब, जरा अलीकडं सरका. तितं खोल हाय."

ओव्हरसियर अलीकडे सरकला.